नाही आणि माहीत नाही

आपला साडू आपल्याला नीट माहीत होता, असं म्हणायला नर्सरीवाल्याची जीभ रेटत नाही. दोघांनी दोन सख्ख्या बहिणी केल्या, साडूने थोरली आणि नर्सरीवाल्याने धाकटी. त्यालाही आता उभा जन्म लोटला. दर रविवारी नर्सरीतल्या एकाच डुगडुगत्या टेबलाशी बसून दोघांचा चहा झाला. तरी साडू गेल्यावर त्याच्या कचेरीतली माणसं म्हणाली, "तुम्ही जवळचे, दोन शब्द बोला," तेव्हा नर्सरीवाला उठला, "माणूस चांगला होता," एवढं बोलला आणि खाली बसला.

घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "हे काय बोलणं झालं? गेल्यावर सगळेच चांगले असतात. अहो, पोस्टमनबद्दलसुद्धा माणूस याहून जास्त बोलतो!"

ती बोलली ते खोटं नव्हतं. साडूला लहानपणी घरचे काय म्हणून हाक मारायचे, तो कधी कुणावर चिडला का, म्हातारपणी त्याला कसली भीती वाटायची, यातलं नर्सरीवाल्याला काहीएक ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे ते एक झाड, आणि त्या झाडापायी साडूच्या हातून गळलेला एक शब्द. तो शब्द गळाला तेव्हा नर्सरीवाला समोरच बसला होता. नुसता बसला असता तरी एक वेळ चाललं असतं.

साडू हाडाचा भिडस्त. उंच, जरासा वाकलेला, बोलायच्या आधी घसा साफ करणारा आणि बरेचदा घसा साफ करूनच थांबणारा. नर्सरीवाला बोलका. "भाऊ आईबाप देतात, मित्र आपण निवडतो, साडू मात्र बायकोबरोबर आंदण येतो," हा त्याचा ठरलेला विनोद. साडू दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा. धाकटीने बशीत चौथं बिस्किट ठेवलं तर तेही मुकाट्याने खायचा आणि मग संध्याकाळभर पोट धरून बसायचा. नको म्हणणं त्याला जमायचंच नाही.

"भीड भिकेची बहीण म्हणतात," थोरली म्हणायची. "आमच्या घरी दोघी बहिणी गुण्यागोविंदाने नांदतात."

आणि अशा माणसाच्या नशिबी नोकरी आली ती नको म्हणण्याची. बंदरामागे पत्र्याच्या छपराची वनस्पती कचेरी होती, तिथे तो तपासनीस होता. बागेसाठी, कुंपणासाठी, दारापुढच्या कुंडीसाठी लोक शोभेची झाडं आणत. ती लावली तिथेच राहतील की रानात घुसून माजतील, हे त्याने ठरवायचं. आपल्या कामाबद्दल तो सलग असं एकदाच बोलला होता. "बेटावर रान एकच, डोंगराच्या माथ्यावरचं. चारी बाजूंनी समुद्र. बाहेरचं झाड एकदा वर शिरलं, की तिथल्या झाडांनी पळायचं कुठे?" एवढं बोलून तो असा ओशाळला, की धाकटीने घाईघाईने चहा ओतला.

त्याच्या शर्टाच्या खिशात दात घासायचा एक जुना ब्रश असे. बुटाच्या खाचेत अडकून एखादं बी डोंगरावर जाऊ नये, म्हणून पायवाटेच्या तोंडाशी बसून तो दोन्ही तळवे घासायचा. वर जाताना घासायचा, उतरल्यावर घासायचा, कुणाच्या घरात शिरतानाही घासायचा. गल्लीत त्याचं नावच ब्रशकाका पडलं होतं. "बुटांचे दात स्वच्छ, स्वतःच्या दातांना किडा," थोरली म्हणायची, आणि साडू ओठ मिटून हसायचा.

तपासणी म्हणजे एक लांबलचक प्रश्नावली. हे झाड दुसरीकडे कुठे माजलंय का? सावलीत वाढतं का? तोडलं तर पुन्हा फुटतं का? बी धरतं का? पाखरं फळ खातात का? झाडाचा एकेक दुर्गुण सापडेल तसे गुण चढायचे. दुर्गुण नसेल तर उतरायचे. आणि उत्तर ठाऊक नसेल तिथे प्रामाणिकपणे 'माहीत नाही' लिहायचं. गुण फार झाले तर झाडाला बंदी, अगदी कमी झाले तर मोकळीक. मध्येच लोंबकळले तर विक्री थांबवून आणखी पाहायचं.

"म्हणजे तुमच्या शाळेत जो नापास तोच गुणी!" नर्सरीवाला म्हणाला होता. "मला घातलं असतं तर डोळे मिटून पहिला आलो असतो."

"पहिला नव्हे, शेवटचा," साडू म्हणाला. मग आपण विनोद केला हे लक्षात येऊन स्वतःच दचकला.

पुढे नियम बदलले. बेटावर आधीपासून असलेल्या झाडांचीही तपासणी सुरू झाली आणि झुंबराची पाळी आली.

झुंबर हे नर्सरीवाल्यानेच ठेवलेलं नाव. पान गर्द आणि तुकतुकीत, तांबड्या फुलांचे घोस खाली लोंबणारे, कात्री लावावी तसा आकार घेणारं झुडूप. नर्सरीची जागा घेतली तेव्हा फाटकाशी एक जुनं झाड उभं होतं. नर्सरीवाला त्याला थोरलं झुंबर म्हणायचा. त्याच्या फांद्या तोडून, त्या मातीत खोचून त्याने रोपं केली. गावातलं प्रत्येक झुंबर त्याच एका झाडाची फांदी होती. त्या वर्षी नर्सरीत पाहावं तिकडे त्याच्याच कुंड्या होत्या. बाकीची झाडं त्यांच्या आधाराने तग धरून होती, आणि नर्सरीवरच घर चाललं होतं.

साडू रविवारीच आला. कचेरीच्या दिवशी यायचीही त्याला भीड वाटली असावी.

"बी धरतं का हो, साडूभाऊ?"

"छे! इतक्या वर्षांत एक फळ दिसलं नाही. गरीब झाड आहे हो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तशी याची. लावावं तिथे उभं राहतं बिचारं."

"एका दुसऱ्या बेटावर फळं धरल्याचं वाचलंय."

"तिथलं पाणी वेगळं असेल."

"असेल." साडूने घसा साफ केला. "इथलं प्रत्येक झाड एकाच झाडाची फांदी. आपलाच पराग आपल्याच फुलाला चालत नसेल. म्हणून इथे फळ नसेल."

"मग झालं तर! नाही म्हणजे नाही."

"नाही वेगळं, साडूभाऊ," साडू कागदाकडे पाहत म्हणाला, "आणि माहीत नाही वेगळं. बाकीचं सगळं लिहून झालंय. आता या एका ओळीवर आहे. 'नाही' लिहिलं तर सुटतं. 'माहीत नाही' लिहिलं तर लोंबकळतं."

"लोंबकळलं तर?"

"विक्री थांबेल. एक वर्ष, दोन वर्षं. कुणी सांगावं."

नर्सरीवाल्याने कुंड्यांच्या रांगांकडे पाहिलं. पण त्याने हातापाया पडायचं टाळलं. मागितलं तर माणूस निदान नाही तरी म्हणू शकतो. न मागितलेल्याला नाही कसं म्हणणार? एवढं त्याला आपल्या साडूबद्दल नक्की माहीत होतं. तो उठला आणि साडूला घेऊन कुंड्यांच्या रांगांमधून हिंडला. नवी सावलीची जाळी दाखवली. झाडाबद्दल अवाक्षर काढलं नाही. रांगेच्या टोकाला धाकटी मातीच्या ढिगापाशी वाकून पिशव्या भरत होती. तिच्याजवळ पोचल्यावर तो मोठ्याने म्हणाला, "अगं जरा बेताने! पुन्हा कंबर धरेल."

धाकटीने चमकून वर पाहिलं. एरवी तिच्या कंबरेची चौकशी या घरात कुणी करत नसे.

दोघे टेबलाशी परत आले. धाकटी हात धुऊन आली, तिने चहा दिला, बशीत बिस्किटं ठेवली. साडूने धाकटीकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, मग पेनाचं टोपण काढून लिहिलं. 'बी धरतं का? नाही.' लिहिलं होतं बॉलपेनने, तरी शाई वाळवावी तशी त्याने त्यावर फुंकर घातली.

नर्सरीवाल्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज त्याला पुढे उरलेला जन्म पुरली. पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी त्याने साडूला पाचवं बिस्किट खायला लावलं.

दोन-तीन वर्षांनी गिऱ्हाइकं तांबड्या रंगाला कंटाळली. "पांढरं नाही का हो?" असं जो तो विचारू लागला. नर्सरीवाल्याने दुसऱ्या देशातल्या एका बागवानाकडून पांढरी रोपं मागवली. लपूनछपून नव्हे, रीतसर, जहाजाने. बंदरावर तपासायला साडूच उभा होता.

"झाड तेच?" त्याने विचारलं.

"तेच. फक्त रंग पांढरा."

साडूने एक रोप हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. "हे दुसऱ्या आईचं आहे, साडूभाऊ."

"मग काय झालं?"

"सोयरीक जुळेल."

नर्सरीवाला खो खो हसला. "आता झाडांचीही लग्नं लावा! अहो, झाडाला मोकळीक तुम्हीच दिलीत ना? मग रंगाची वेगळी प्रश्नावली असते का?"

"नाही," साडू म्हणाला. खरंच नव्हती. मोकळीक होती ती झुंबर या झाडाला, मग ते तांबडं असो की पांढरं. आधीची ओळ 'माहीत नाही' अशी असती तर ही रोपं बंदरावरच अडली असती. आता अडवायची तर ती ओळच खोडायला हवी होती, आणि नर्सरीवाला समोर उभा होता. साडूने सही केली.

त्याच वर्षी साडूने घराला नवी भिंत घातली. नर्सरीवाल्याने हौसेने भिंतीलगत झुंबराचं कुंपण लावून दिलं. एक तांबडं, एक पांढरं, एक तांबडं, एक पांढरं. कृतज्ञता म्हणा हवं तर. तसं तो कुणाला बोलला नाही, पण मनात तेच होतं.

कुंपण दुसऱ्यांदा फुललं, त्यानंतर थोरलीचा फोन आला. "अहो नर्सरीवाले, या बघायला! तुमच्या गरीब झाडाला पोरं झालीत!"

तो गेला. घोसांच्या जागी काळे मणी लटकले होते, एकेका फांदीवर ओंजळभर. भिंतीवर एक बुलबुल चोच पुसत बसला होता.

"गरीब गाय, पोटात पाय," थोरली म्हणाली. "दिसायला किती सोज्ज्वळ, नाही?"

साडूने एक मणी नखाने फोडला. आत दोन बिया होत्या. तळहातावर घेऊन तो त्यांच्याकडे पाहत राहिला, मग घरात गेला आणि पलंगावरच्या चादरी घेऊन बाहेर आला. एकेक चादर पसरून त्याने सगळं कुंपण झाकलं, पाखरांनी फळ उचलू नये म्हणून. शेवटी एक टोक उघडं राहिलं, तिथे स्वतःचा शर्ट काढून टाकला आणि बनियनवर उभा राहिला. शेजारचे खिडक्यांतून बघत होते.

"अहो, आणि निजायचं कशावर? वर्तमानपत्रावर?" थोरली ओरडली.

नर्सरीवाल्यालाही हसू येणार होतं. पण बुलबुल भिंतीवरून उडाला तो सरळ डोंगराच्या दिशेने, आणि तिघांनीही मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. गावात आता घरोघरी अशी जोडीजोडीची कुंपणं होती. एवढ्या चादरी कुठून आणायच्या?

सरड्याची धाव कुंपणापर्यंत खरी; पाखराची नसते.

साडूने आपलं कुंपण दुसऱ्या दिवशी मुळासकट काढलं. मग कचेरीत वरच्या साहेबांसमोर उभा राहून सांगितलं, की मला ठाऊक नव्हतं आणि मी 'नाही' असं लिहिलं. झुंबराची तपासणी पुन्हा करा आणि बंदी घाला. साहेब म्हणे हसले. "एवढ्याशा एका शब्दाचं काय घेऊन बसलात? तुम्ही काय मुद्दाम केलंत?" पण साडू खुर्चीवर बसेचना. उभाच राहिला. पुन्हा गुण मोजले गेले, ते चांगलेच चढले आणि झुंबराला बंदी आली.

नर्सरीवाल्याला हे बंदीचा कागद हातात पडल्यावर कळलं. तो तडक साडूच्या घरी गेला. बूट घासायला दारात थांबलासुद्धा नाही.

"मला आधी सांगायचं तरी! घरचा माणूस ना मी? की आता झाड मोठं आणि माणूस लहान?"

साडूने घसा साफ केला. या वेळी मात्र तो पुढे बोलला. "सांगायला आलो असतो तर जमलं नसतं. तुमच्या समोर बसलं की मला नाही म्हणता येत नाही. म्हणून न सांगता गेलो."

त्यात आरोप नव्हता. आपल्याला दम लागतो, असं सांगावं तसं तो सांगत होता. नर्सरीवाल्याला तोंडात मारल्यासारखं झालं. तो भांडायला आला होता, आणि समोरचा माणूस आपल्या दुबळेपणाची माफी मागत होता. ज्या दुबळेपणावर त्याची नर्सरी उभी राहिली, त्याचीच.

त्याने कुंड्या रिकाम्या केल्या, रोपं जाळली. फाटकाशी असलेलं थोरलं झुंबर राहिलं होतं. लोक म्हणाले, त्याच्या नर्सरीची पाटी हेच झाड, एवढं एक तो ठेवणार. एका सकाळी पहार घेऊन त्याने तेही खणून काढलं. धाकटी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "बेताने हो. कंबर धरेल." ती सहजच म्हणाली असेल. नर्सरीवाल्याने पहार खाली ठेवली आणि तो खड्ड्याच्या काठावर बसला.

पुढे नर्सरी भाजीच्या रोपांवर कशीबशी तगली. साडू निवृत्त झाला. डोंगराच्या माथ्यावर मात्र झुंबर पोचायचं ते पोचलं होतं. रानातल्या दाट सावलीत, जिथे पाखरं रात्री बसतात त्या झाडांखाली, हिरव्यागार रोपांची दाटी झाली होती. साडू दर रविवारी एकटाच वर जाऊन ती उपटायचा. कुणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी नर्सरीवाला चहाचं टेबल तसंच सोडून त्याच्या मागोमाग निघाला. साडूने मागे वळून पाहिलं आणि पिशवीतला जादा हातमोजा काढून दिला. एकच होता, डाव्या हाताचा. पुढच्या रविवारी त्याने उजव्याचाही आणला.

मग रविवारचा चहा डोंगरावर थर्मासमधून होऊ लागला. उपटलेलं उपटून व्हायचं आणि पुढच्या खेपेला नवी रोपं वर डोकावायची. "आपण दोघे गेल्यावर यांचं काय?" नर्सरीवाला एकदा म्हणाला. "तोवर उपटू," साडू म्हणाला.

नर्सरीवाल्याला एकच वाक्य बोलायचं होतं. दर रविवारी चढताना तो ते मनात जुळवायचा आणि उतरताना तसंच परत आणायचा. साडू सगळा दोष आपल्या एका शब्दावर घेऊन बसला होता. त्या शब्दाला हात दुसऱ्याचाही लागला होता, एवढं त्याला कळायला हवं होतं. शेवटी एका रविवारी, दोघे एका उतारावर वाकलेले असताना, नर्सरीवाला जमिनीकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी धाकटीला कंबर सांभाळ म्हटलं ना, ते मुद्दाम मोठ्याने म्हटलं होतं. तुम्हाला ऐकू जावं म्हणून."

साडूने दोन्ही हातांनी एक रोप धरलं होतं. "सरळ ओढा," तो म्हणाला. "तिरकं ओढलं की मूळ आत राहतं. मग पुन्हा फुटतं." रोप अख्खं निघालं. त्याने माती झटकली आणि ते पिशवीत टाकलं.

माथ्यावर वारा होता. साडूला उतारवयात एका कानाने कमी ऐकू यायचं, आणि नर्सरीवाला त्याच्या कुठल्या बाजूला उभा होता ते आता त्याला आठवत नाही. साडूने ऐकलं नाही, असं म्हणवत नाही. ऐकून सोडून दिलं, असंही म्हणवत नाही. त्या ओळीपुढे माहीत नाही, एवढंच लिहिता येतं.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी थोरलीचा फोन आला. साडू झोपेतून उठलाच नव्हता.

पण रविवारी खाली उतरेपर्यंत तो अगदी नेहमीसारखा होता. पायवाटेच्या तोंडाशी दगडावर बसून त्याने आपले बूट घासले आणि ब्रश नर्सरीवाल्याला दिला. नर्सरीवाल्याने भराभर दोन हात मारले आणि उठायला लागला.

"साडूभाऊ, टाच राहिली."

"घासली की!"

"डाव्या पायाची."

नर्सरीवाल्याने पाय उचलून पाहिला. खाचेत चिखल होता. तो पुन्हा बसला आणि कोरून कोरून टाच साफ केली.

"झाली?"

"झाली. पुढच्या वेळी तुमचा ब्रश तुम्ही आणा. याचे केस गेले सगळे."

"आणतो."